चंद्रतालला जाताना बॅगेत आधी एक रिकामा दिवस टाका

इअरफोन जवळ असतील तर ऐका, नसतील तर वाचा, मजकूर तोच आहे. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.

मे महिना लागला की माझ्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "दादा, चंद्रतालला कॅम्पिंगला जायचंय, तिथे वेदर कसं असेल?" सोबत एखादं रील जोडलेलं असतं. निळंशार तळं, मागे तपकिरी डोंगर, रात्री तंबूच्या डोक्यावर आकाशगंगा. मला उत्तर द्यायला दरवेळी जड जातं. कारण प्रश्न चुकीचा नाहीये, पण अर्धा आहे. आपण विचारतो तळ्यावरच्या हवेबद्दल. ट्रिप फसते ती तिथून शे-दोनशे किलोमीटर लांब पडलेल्या पावसामुळे, नाहीतर आदल्या रात्री आपण किती उंचीवर झोपलो होतो यामुळे.

आणि हे मी शहाणपणा शिकवायला सांगत नाहीये हां. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मावसभावाला रात्री तीन वाजता गाडीत घालून खाली आणावं लागलं होतं. ते पुढे येईलच.

आधी जागा समजून घेऊ. चंद्रताल हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पिती जिल्ह्यात आहे. उंची साधारण ४,२५० मीटर. आपलं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं आणि वर आणखी साडेनऊशे मीटरचा डोंगर चढवला, तर आपण तळ्याच्या काठाशी पोचू. २००५ पासून हे तळं रामसर यादीत आहे, म्हणजे जगभर जपायच्या म्हणून ठरवलेल्या पाणथळ जागांपैकी एक. त्यामुळे काठावर तंबू लावायला बंदी आहे. तंबूंचे तळ अलीकडे काही किलोमीटरवर एका मोकळ्या सपाटीवर असतात. तिथून गाडीने पार्किंगपर्यंत जायचं आणि शेवटचा टप्पा चालायचा. रीलमध्ये तंबूच्या दारातून तळं दिसत असेल, तर ते जुनं आहे किंवा नियम मोडून काढलेलं आहे.

तळ्याचं पाणी चंद्रा नदीत जातं. ही चंद्रा पुढे तांदीजवळ भागा नदीला मिळते आणि दोघी मिळून चंद्रभागा होतात. पुढे गेल्यावर तीच चिनाब. आपल्या पंढरपूरच्या चंद्रभागेशी नात्याचा भाग फक्त नावापुरता. पण मी आईला "चंद्रभागेच्या उगमाकडे चाललोय" असं सांगितलं आणि परवानगी एका मिनिटात मिळाली. युक्ती वापरायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर. ४,२५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ. त्यामुळे प्रत्येक श्वासात मुंबईत मिळतो त्याच्या साठ टक्केच ऑक्सिजन आत जातो. पाणी १०० ऐवजी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि चहा कितीही उकळला तरी आपल्या टपरीसारखा जमत नाही. या बदलाची शरीराला सवय होते, पण तिला दिवस लागतात. तास नाही, दिवस. जिम करणारा, मॅरेथॉन पळणारा, गड चढणारा, कोणालाही यात सूट नाही. फिटनेसचा आणि उंचीच्या आजाराचा संबंध फार थोडा असतो, हे आम्ही प्रत्यक्ष बघितलं.

तर पहिली ट्रिप. जूनचा शेवट. आम्ही तिघं. मी, माझा कोल्हापूरचा मावसभाऊ आणि कॉलेजातला एक मित्र. ऑनलाइन एक पॅकेज सापडलं, पाच दिवसांत सगळं. चंदीगडहून रात्रीच्या बसने सकाळी मनालीत उतरलो, एक रात्र मनालीत झोपलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडी निघाली. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, नऊ किलोमीटर लांब, आणि आता रोहतांगचा घाट न चढता पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे लाहौलमध्ये उतरता येतं. भारी सोय आहे. पण या सोयीचा उलटा परिणाम असा की शरीराला उंची कळायच्या आत आपण वर पोचलेलो असतो. मनाली २,०५० मीटर, चंद्रताल ४,२५०. एका दिवसात झोपायची उंची २,२०० मीटरने वाढली.

डोंगरातले डॉक्टर जो साधा नियम सांगतात तो असा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायचं ते झोपतो कुठे हे. आम्ही हा नियम मोडला वगैरे नाही. आम्हाला तो माहीतच नव्हता.

चारच्या सुमाराला तळावर पोचलो. भाऊ म्हणजे कबड्डी खेळणारा गडी, गाडीतून उतरला तो तळ्याकडे जवळजवळ पळतच गेला. फोटो झाले. आठ वाजता जेवायला बसलो तर म्हणाला, डोकं दुखतंय, भूक नाही. आता आपल्याकडे डोकं दुखलं, मळमळलं की निदान ठरलेलं असतं. "पित्त झालं असेल रे." मी बॅगेतली पित्ताची गोळी दिली. अकराला त्याला उलटी झाली. आम्ही म्हटलं, बघ, पित्त पडलं, आता बरं वाटेल. हे वाक्य आठवलं की मला अजून लाज वाटते.

अडीच वाजता तो बाहेर जायला उठला आणि तंबूच्या दोरीला नाही, सपाट जमिनीवर अडखळून पडला. आवाजाने तळावरचा पोरगा जागा झाला, स्पितीचाच होता, विशीतला. त्याने टॉर्च मारली आणि भावाला सरळ रेषेत चालायला लावलं. टाचेला पाऊल चिकटवून, दारू प्यायलेल्यांना लावतात ना, तसं. भावाला चार पावलं जमेनात. पोरगा एवढंच म्हणाला, "इनको अभी नीचे ले जाओ. सुबह का इंतजार मत करो."

तोल जाणं हे साध्या डोकेदुखीच्या पुढचं लक्षण आहे. मेंदूला सूज यायला लागली की असं होतं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसणं, हे फुप्फुसात पाणी भरत असल्याचं लक्षण. बडबड असंबद्ध होणं हेही धोक्याचंच. या तिन्हींवर खात्रीचा पहिला इलाज एकच, खाली उतरणं. ऑक्सिजनचा सिलिंडर मधला वेळ निभावून नेतो, पण उतरायची गरज संपवत नाही.

आणि इथेच चंद्रतालची खरी गोम आहे, जी कोणी रीलमध्ये सांगत नाही. खाली म्हणजे कुठे? नकाशा बघा. काझाकडे जायचं तर आधी कुंझुम खिंड चढायची, ती साडेचार हजार मीटरच्या वर. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढा. मनालीकडे यायचं तर आधी बातल. ते जेमतेम अडीच-तीनशे मीटर खाली. खरा उतार मिळतो छतरूला, साधारण ३,३०० मीटरवर, आणि मधला रस्ता म्हणजे दगडगोटे, नदीचं पात्र आणि आडवे येणारे नाले. ताशी पंधरा किलोमीटर गेलात तर खूप. फोनला एकही काडी नाही. आम्हाला छतरू गाठायला जवळजवळ चार तास लागले. भाऊ मागच्या सीटवर, नाकाला ऑक्सिजन, आणि मी दर दहा मिनिटांनी त्याला त्याच्या गल्लीतल्या दुकानांची नावं विचारत होतो. बातलपर्यंत तो चुकत होता. छतरूला उजाडलं आणि तो स्वतःहून म्हणाला, "चहा घेऊ या का?" मी आयुष्यात एवढ्या आनंदाने चहा प्यायलो नाहीये. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं, आणि तो बरा झाला.

म्हणून वेदरच्या आधी मी उलटा प्रश्न विचारतो. तू कुठून येणार आहेस?

माझं मत स्पष्ट आहे. चंद्रताल ट्रिपच्या सुरुवातीला ठेवू नका, शेवटी ठेवा. शिमल्याच्या बाजूने आत शिरा. पहिली रात्र नारकंडा, मग कल्पा, पावणेतीन-तीन हजार मीटरपर्यंत. मग ताबो, ३,२८०. मग काझा, साडेतीन हजारांच्या वर. काझाला दोन नाही, तीन रात्री काढा. त्यातल्या एका दिवशी हिक्किम, कोमिक बघून या, ही गावं चार हजार चारशेच्या वर आहेत. हिक्किमच्या टपाल कचेरीतून घरी पोस्टकार्ड टाका, आणि झोपायला परत काझाला या. दिवसा वर, रात्री खाली, शरीर असंच शिकतं. त्यानंतर कुंझुम ओलांडून चंद्रताल आणि तिथून उतरत मनाली. प्रवास तोच, गोल तोच, फक्त दिशा बदलली. मनालीकडूनच जावं लागणार असेल तर सिस्सू किंवा केलाँगला, तीन हजारांच्या आसपास, निदान दोन रात्री काढा. तरीही पुढची उडी हजार मीटरच्या वरची राहते, हे लक्षात ठेवा. उंचीसाठी जी गोळी घेतात ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या डोसावर जाऊ नका.

बरं, आता वेदर.

शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश शिकलो होतो ना? सह्याद्रीच्या अलीकडे महाबळेश्वर भिजतं आणि पलीकडे वाई-फलटणला ढग येईपर्यंत रिकामे होतात. स्पितीचं तेच आहे, फक्त सह्याद्रीच्या जागी पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा. मॉन्सूनचे ढग कुलू-मनालीकडे रिते होतात आणि पलीकडे कोरडं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये काझाला लख्ख ऊन असू शकतं. इथे लोक फसतात. तळ्याचा अंदाज बघतात, सूर्याचं चित्र दिसतं, निघतात. पण तळ्यापर्यंत जाणारा आणि तिथून सुटणारा रस्ता ओल्या बाजूने जातो. मंडी ते मनाली बियासच्या काठाने. शिमल्याकडून सतलजच्या काठाने, किन्नौरमधून, जिथे पाऊस थांबल्यावरही वरून दगड येतात. म्हणून तुम्ही चंद्रतालचा अंदाज बघता तेवढ्याच काळजीने मंडी, कुलू आणि किन्नौरचा बघा. तळ्यावर ऊन आणि मंडीत अतिवृष्टी, असं असेल तर तुम्ही फार सुंदर ठिकाणी अडकणार आहात.

दुसरा पाहुणा म्हणजे पश्चिमी विक्षोभ. बातम्यांत हा शब्द ऐकला असेल. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर येणारी ही कमी दाबाची क्षेत्रं. हिवाळ्यात यांचाच बर्फ हिमाचलला मिळतो. पण ते फक्त हिवाळ्यात येतात असं नाही. मॉन्सून जोरात असताना एखादा विक्षोभ त्याला येऊन भिडला, की दोन्हींची ओल एकत्र येते. जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात हेच झालं. बियासला पूर आला, मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, आणि चंद्रतालला, ऐन जुलैत, बर्फ पडला. तळावर अडीचशेहून जास्त माणसं अडकली. आजारी असलेल्या काहींना हेलिकॉप्टरने नेलं, बाकीच्यांना बर्फ उपसून रस्ता मोकळा करत काही दिवसांनी बाहेर काढलं. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्येही लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती. म्हणजे "जुलैत कुठला बर्फ" किंवा "सप्टेंबर तर सेफ" या दोन्ही वाक्यांना अर्थ नाही.

मग फोनवरचा अंदाज वाचायचा कसा? तुम्ही अ‍ॅपमध्ये चंद्रताल टाकलं तर त्या ठिकाणी कोणी थर्मामीटर घेऊन बसलेलं नसतं. संगणकाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एक आकडा देतं. चांगल्या जागतिक मॉडेलचा चौकोनही नऊ-दहा किलोमीटरचा असतो. आपल्याकडे सोलापूरला नऊ किलोमीटरने फार फरक पडत नाही. तिथे नऊ किलोमीटरमध्ये नदीचं पात्र, तळं आणि साडेपाच हजार मीटरचं शिखर, सगळं मावतं, आणि मॉडेल त्याची सरासरी धरतं. काही अ‍ॅप आकड्याशेजारी उंचीही लिहितात. ती आधी बघा. अंदाज ४,८०० मीटरचा असेल तर तळावर दिवसा थोडी ऊब जास्त असेल. ३,६०० चा असेल, म्हणजे बहुतेक काझाचा, तर वजाबाकी करा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. काझाला रात्री ८ दाखवत असेल तर तळावर ४ च्या आसपास धरा. आणि हा सावलीतला, वारा नसतानाचा आकडा आहे. वारा असला की अंगाला आणखी बोचतं.

ज्या एका आकड्यासाठी मी अ‍ॅप उघडतो तो तापमान नाहीच. तो आहे शून्य अंशाची पातळी, इंग्रजी अ‍ॅपमध्ये 'फ्रीझिंग लेव्हल' म्हणून मिळते. म्हणजे किती उंचीवर हवा शून्याला पोचते. भर उन्हाळ्यात ती पाच हजार मीटरच्या बरीच वर असते. ती घसरत साडेचार हजारांकडे यायला लागली आणि त्याच दिवशी ढग-पाऊस दाखवत असेल, तर समजा की कुंझुमवर बर्फ आणि तळावर बर्फाळ पाऊस. जायचं नाही. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा जिल्हावार इशाराही बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. माझा घरगुती नियम असा की लाहौल-स्पिती, कुलू, मंडी यांपैकी एकालाही केशरी असेल तर मी काझाच्या पुढे सरकत नाही. रस्ता खरंच चालू आहे का, यासाठी लाहौल-स्पिती पोलिसांच्या सोशल मीडियाच्या पोस्ट उपयोगी पडतात. आणि सगळ्यात शेवटची खात्री म्हणजे समोरून आलेला ड्रायव्हर. हे सगळं काझातच करायचं, कारण पुढे नेटचा भरवसा नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. सात दिवसांच्या आधीचा अंदाज मनाच्या समाधानासाठी असतो. तीन दिवस आधीचा विचारात घ्या. निर्णय आदल्या रात्रीचा.

घड्याळही महत्त्वाचं आहे. तिथले नाले पावसावर चालत नाहीत, उन्हावर चालतात. सकाळी वरचा बर्फ गोठलेला असतो, पाणी घोट्याएवढं. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि तोच नाला गाडीच्या दाराला लागतो. म्हणून सहाला निघा, दुपारच्या आत तळावर पोचा. आकाश निरभ्र आहे म्हणून उशिरा निघालं तरी चालेल, असं वाटतं ना? उलट आहे. कडक ऊन म्हणजे दुपारी जास्त पाणी.

रात्रीबद्दल थोडं. हवा कोरडी आणि विरळ, त्यामुळे दिवसाची ऊब सूर्याबरोबरच जाते. दुपारी टी-शर्टमध्ये होतात आणि सातला दात वाजतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहाट शून्याच्या थोडी वर असते, सप्टेंबरच्या मध्यानंतर ती शून्याखाली जायला लागते. स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना लेबलवर दोन आकडे असतात. 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. दुकानदार दुसरा सांगतो, कारण तो जास्त भारी दिसतो. लिमिट म्हणजे त्या थंडीत माणूस अंगाचं मुटकुळं करून रात्र काढू शकतो, एवढंच. कम्फर्टचा आकडा धरा. गरम पाण्याची बाटली पायाशी घ्या. फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत, कारण थंडीत लिथियमची बॅटरी भसाभस उतरते. ऊन तर विचारूच नका, दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गॉगल आणि सनस्क्रीन ही तिथे फॅशन नाही.

शांतता हवी असेल तर शनिवार-रविवार टाळा, पंधरा ऑगस्टची जोडसुट्टी तर नक्कीच टाळा. दिल्ली-चंदीगडची गर्दी तेव्हाच येते. मला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. मॉन्सून ओसरायला लागलेला असतो, नाल्यांचं पाणी कमी होतं, तळ अजून उठलेले नसतात. तारे बघायचे असतील तर कालनिर्णय काढा आणि अमावास्या शोधा. पौर्णिमेला तळं छान दिसतं, पण आकाशगंगा धुऊन निघते. आणि स्पीकर घरी ठेवा, प्लीज. तिथे वाऱ्याशिवाय आवाज नसतो, आणि लोक तो नसलेला आवाज ऐकायलाच एवढ्या लांब येतात.

आता दुसरी ट्रिप. तेच तिघं. भाऊ आधी तयार नव्हता. मावशी तर अजिबातच नव्हती. मी तिला कागदावर उंच्या लिहून दाखवल्या, कुठे किती रात्री झोपणार ते. ती म्हणाली, "मागच्या वेळी हा कागद कुठे होता?" उत्तर नव्हतं.

शिमल्याकडून गेलो. काझाला तिसऱ्या रात्री अंदाज उघडला. शून्याची पातळी ४,३०० वर आलेली, जिल्ह्याला केशरी इशारा. खिडकीतून बघितलं तर आभाळ स्वच्छ, तारे दिसत होते. मित्र म्हणाला, "अरे, एवढं क्लिअर आहे, सकाळी निघू या." त्याची सुट्टी मोजून होती. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं, मॅनेजरने दोन वेळा विचारलेलं. खरं सांगू का, मलाही निघावंसं वाटत होतं. प्लॅनमध्ये एक रिकामा दिवस ठेवलेला होता, पण तो वापरायची वेळ आली की तो आपल्या खिशातून जातोय असं वाटतं. गाडीचं एका दिवसाचं भाडं, होमस्टेची रात्र, आणि ऑफिसचं तोंड.

भाऊ तोपर्यंत काही बोलला नव्हता. तो म्हणाला, "मी थांबतो. तुम्ही जा." त्यावर कोण जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत ऊन होतं. मित्र माझ्याकडे बघायचा आणि मी फोनकडे. दुपारी लोसरच्या बाजूने राखाडी भिंत सरकत आली आणि काझात बारीक पाऊस सुरू झाला. संध्याकाळी पलीकडून एक गाडी आली, टपावर चार बोटं बर्फ. ड्रायव्हर म्हणाला, कुंझुमवर दोन गाड्या अडकल्यात, माणसं ठीक आहेत. पुढचा दिवसही गेला, रस्ता मोकळा व्हायला. मित्राला तेवढं थांबणं शक्य नव्हतं. तो पहाटेच्या बसने रेकाँग पिओकडे निघून गेला. तळं न बघता. त्याने मला अजून त्याचं काही म्हटलेलं नाही, पण ग्रुपवर तळ्याचे फोटो टाकले तेव्हा त्याने फक्त अंगठा दाखवला.

आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी सहाला निघालो. कुंझुमच्या दोन्ही बाजूंना पांढरं, मधे काळा ओला रस्ता. साडेअकराला तळावर. तोच स्पितीचा पोरगा अजून तिथेच होता, त्याने भावाला ओळखलं आणि काही न बोलता सरळ रेषेत चालून दाखवायची खूण केली. भाऊ टाचेला पाऊल लावत दहा पावलं चालला. मग तळ्याकडे निघाला, या वेळी सावकाश, दर वीस पावलांवर थांबत, जणू काही त्याला कुठेच जायचं नाहीये.

रात्री पाण्याची बाटली मी चुकून तंबूच्या बाहेर विसरलो. सकाळी ती दगडासारखी गोठली होती. भावाने ती हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पित्ताची गोळी आणलीयेस का?"